मेमरी कोण भरतंय?

कळमनुरीच्या कॉलेजातला प्रॉक्सी सर्व्हर सकाळपासून धापा टाकत होता, म्हणून सोमेश्वर ताटावरसुद्धा लॅपटॉप उघडून बसला होता.

"काय दुखणं आहे त्याचं?" पुनमनं विचारलं.

"मेमरी फुगून राहिली. पोरं जी साइट उघडतात तिची नक्कल तो जवळ ठेवतो, पुन्हा मागितली की पटकन देता यावी म्हणून. काही टाकायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच न्हाई. आता हद्द घालून दिली. ज्याला कुणी विचारत न्हाई ते जाईल, रोज विचारतात तेच राहील."

पुनमनं भाकर जरा आपटूनच वाढली. "मग तुमची पहिली बायको काहून जाईना तुमच्या डोक्यातून? रत्नमालाबाईंना वारून इतकी वर्षं झाली."

सोमेश्वरनं स्क्रीनवरून मान वर केली. "मी कुठं नाव काढतो? रोज तूच विचारतीस."

पुन्हा म्हणून विचारायचं नाही, असं पुनमनं मनाशी पक्कं केलं. त्यानं आमटीत भाकर कुस्करली, पहिला घास घेतला, आणि तिच्यानं राहवलं नाही.

"त्यांची येसराची आमटी याच्यापेक्षा झणझणीत व्हायची का हो?"