रोटोटुनाची मालगाडी

रोटोटुना उपनगरातल्या त्या घराबाहेर धुकं अजून जमिनीला बिलगून होतं, तरी त्यातून गाळून आलेला उजेड गराजच्या एकुलत्या खिडकीशी पोहोचला. आधी भिंतीवर टांगलेल्या सायकलीवर रेंगाळला, मग हळूहळू टेबलावर उतरला, इवल्या स्टेशनचं लाल छप्पर ओलांडून बोटाहून अरुंद रुळांवर दोन चकाकत्या रेषा होऊन थांबला.

अशा उजेडात कुठलाच दोष लपत नाही, असं कुशलला वाटलं. सोमवारी तो हॉस्पिटलात सर्जरीच्या प्रशिक्षणाला रुजू होणार होता. कित्येक वर्षं त्याने या एकाच दिवसाची वाट पाहिली होती. त्याआधी ही मालगाडी सुखरूप फिरवायचीच, असा त्याचा पण होता.

गाडी पुन्हा घसरली. स्टेशनापुढच्या सांध्यावर, जिथे एका रुळाच्या दोन वाटा होतात, दुधाच्या टाकीचा एक डबा कलंडला आणि त्याचं कपलिंग सुटलं. दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम त्याने कसोशीने पाळला होता. आधी कपलिंगचे नखाएवढे आकडे बदलले. मग चाकं. मग सांधाच उखडून नवा बसवला. गारठ्याने बोटं आखडतात म्हणून हीटरही आणला. तरी घसरायची जागा तीच. डबा मात्र दर वेळी निराळा.

जुई चहाचा कप घेऊन दारात आली. ती त्याच हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची नर्स होती. नवऱ्याला ती रोज रेल्वेमंत्री म्हणून चिडवायची. आज तिने चिडवलं नाही. डबे रुळांवर बसवणाऱ्या त्याच्या बोटांकडे ती पाहत राहिली.

"आकडे बदललेस, चाकं बदललीस, सांधा बदललास," ती म्हणाली. "आता एकदा हात बदलून बघू?"

"स्वीट ॲज," चालेल की, अशा अर्थाचं तिथलं पालुपद म्हणत तो हसला. तुला एक डबाही सरळ ठेवता यायचा नाही, असंही त्याने ऐकवलं.

जुईने कप बाजूला ठेवला. एकेक डबा रुळांवर टेकवला, आकड्यात आकडा अडकवला. गाडी निघाली. सांधा आला, सांधा गेला. गाडी वळण घेऊन परत आली आणि पुन्हा तशीच गेली. हा योगायोग आहे, असं म्हणत कुशलने तिला सगळे डबे उतरवून नव्याने लावायला लावले. तिने लावले. गाडी फिरत राहिली.

"सोमवारी तुझ्यापुढच्या टेबलावर डबे नसतील, कुशल," ती हलकेच म्हणाली.

त्याने गाडी थांबवली. शेवटचा डबा उचलून खिडकीपाशी नेला. टाकीच्या गुळगुळीत पाठीवर उजेडाचा एक ठिपका पडला आणि नाचू लागला. बाहेर धुकं निश्चल होतं. या वेळी त्याने नजर वळवली नाही.

त्याचा उजवा हात थरथरत होता.