बारा अंश

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यावरची पट्टी सुटली, तेव्हा सोनू मेस्त्रींना दवाखान्याच्या दाराची चौकट कललेली दिसली; दुसऱ्या डोळ्याने तीच सरळ. चाळीस वर्षं चौकटी बसवणाऱ्या सुताराची नजर ती. "डॉक्टर, तुम्ही बसवलेलं भिंग फिरलंय."

"अशक्य!" डॉक्टर केणी हसले. "ते हलणार नाही, असं आमच्या संगणकाने आधीच सांगितलंय. शंभर रुग्णांच्या अभ्यासात तुम्ही शंभरावे."

"मग मोजून तरी बघा."

डॉक्टरांनी नाइलाजाने मोजलं. भिंग चक्क बारा अंश फिरलं होतं. आता डॉक्टर चूक कबूल करतील, असं मेस्त्रींना वाटलं.

डॉक्टरांनी सहायक बाईंना हाक मारली. "यांचं नाव अभ्यासातून काढा. नव्याण्णवपैकी नव्याण्णव अंदाज अचूक, असं लिहा."

"आणि माझा डोळा?"

"तो आता अभ्यासात बसत नाही," डॉक्टर मायेने म्हणाले.