गल्लीतला कलेक्टर

कलेक्टर पिंडाभोवती लंगडत फिरला, मान वाकडी करून त्यानं चांगुणेकडे बघितलं आणि मागं सरकला.

कलेक्टर म्हणजे कावळा. लातूर जिल्हा झाला, त्याच वर्षीच्या दुष्काळात तो गल्लीत आला. कुणाच्या घरी काय शिजतंय याची दारोदार तपासणी करायचा, म्हणून हे नाव. गल्ली त्याला हातानं भाकरी चारायची. चांगुणेला त्याची शिसारी यायची. गावाबाहेर मेल्या गुरांची आतडी ओढायची आणि तीच चोच लोकांच्या रांजणात बुडवायची, याचं कसलं कौतुक? "तारेत पाय सापडला बिचाऱ्याचा," शेजारची नागुबाई सांगायची.  चांगुणेच्या अंगणात तो उतरत नव्हता, तेवढं तिला पुरे होतं.

आज मात्र त्या घाणेरड्या चोचीवर सगळं अडलं होतं. तिच्या नवऱ्याचा, ज्ञानोबाचा दहावा होता. मांजरा नदीच्या कोरड्या पात्रात पिंड मांडला होता. दुसरा कावळा औषधालाही नव्हता; सगळे मेल्या गुरांमागं गेले होते. चांगुणेला पुढं बसवून माणसं मागं उभी राहिली.

तिचा थोरला दीर व्यंकटराव हात जोडून पुढं आला. त्याच्या तोंडात पान होतंच. भावाची राख निवायच्या आत त्यानं गिऱ्हाईक आणून घर दाखवलं होतं. "जिल्हा झालाय, जागेला भाव आलाय. तू आपली रेणापूरला माहेरी जा," असं तिला बजावलं होतं. कावळ्यापेक्षा त्या पान चघळणाऱ्या तोंडाची तिला जास्त किळस वाटली.

"ज्ञानबा, तुझ्या नावानं पाणपोई घालतो," व्यंकटराव म्हणाला.

कलेक्टर हलला नाही.

"वर्षश्राद्धाला गावजेवण घालतो."

कलेक्टर दोन पावलं पुढं आला, पुन्हा त्यानं चांगुणेकडे बघितलं आणि थबकला.

"तिच्याकडंच बघून राहिलाय," नागुबाई डोळे पुसत म्हणाली. "बायकोत जीव अडकलाय त्याचा."

ऊन चढलं. वाळू तापली. लोकांत कुजबुज सुरू झाली. महादेवप्पा वाणी गल्लीतले वडीलधारे, ते म्हणाले, "व्यंकटराव, आडून नका बोलू. घराचं काय ते सांगा."

व्यंकटरावानं पान थुंकलं. सगळे त्याच्याचकडे बघत होते.

"घर चांगुणेला," तो पुटपुटला.

"मागं ऐकू न्हाई आलं," नागुबाई म्हणाली.

"घर चांगुणेच्या नावावर करून देतो. समद्यांदेखत सांगतो. शब्द फिरवला तर थुंका माझ्या तोंडावर."

माणसांनी माना हलवल्या. महादेवप्पा म्हणाले, "आम्ही साक्षीला हाव."

तेव्हा कुठं चांगुणेनं पदराआडून कावळ्याला दाखवत धरलेला दगड हळूच वाळूत सोडला.