ठीक असताना

“ठीक असताना यांना शेवटचं कोणी पाहिलं?”

डॉक्टर वेदिकांनी तिसऱ्यांदा विचारलं. पांढऱ्या पीपीई किटमधून त्यांचे फक्त डोळे दिसत होते, आणि ते भिंतीवरच्या घड्याळाकडे होते. सव्वा वाजला होता.

प्रशिकने तिसऱ्यांदा मोबाईल पुढे केला. मोबाईलवर तक्त्याचा फोटो होता. बाबांना करोना निघाल्यापासून सक्करदऱ्याच्या घरातली मागची खोली देऊन टाकली होती आणि तिच्या दाराला हा तक्ता चिकटवला होता. ताप, ऑक्सिजन, ताट आत, ताट बाहेर. आकडे बाबा चिठ्ठीवर लिहून दाराखालून सरकवायचे. नऊ दिवसांत एकही रकाना रिकामा नव्हता. प्रशिक कोषागारात कारकून होता. साऱ्या शहराची दाणादाण उडालेली असताना त्याच्या घरी आजार शिस्तीत चालला होता, आणि याचा त्याला थोडा अभिमानच होता.

“साडेआठला ताट बाहेर आलं मॅडम. हे पहा, लिहिलेलं आहे.”

“ताट बाहेर आलं. माणूस पाहिलात का?”

“नाही. दार ताटापुरतंच उघडायचं, बोलायचं नाही, असा नियम होता.”

“कोणाचा?”

“माझा,” प्रशिक म्हणाला.

पावणेबाराची चिठ्ठी आली नाही, तेव्हा त्याने नियम मोडून दार ढकललं होतं. बाबा पलंगावरून खाली पडलेले. तोंड वाकडं, उजवा हात गळून गेलेला, शब्द फुटत नव्हता. धंतोलीतल्या या हॉस्पिटलात पोचल्यावरही आधीचा करोनाचा पेशंट काढून स्कॅनचं मशीन पुसेपर्यंत अर्धा तास गेला. मग डोकं आणि छाती दोन्हीचा फोटो एकदमच निघाला.

“छातीत डाग आहेत, ते धरूनच चाललो होतो,” डॉक्टर म्हणाल्या. “डोक्यात रक्तस्राव नाही. म्हणजे गुठळी आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन माझ्याकडे तयार आहे. पण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. उशिरा दिलं तर मेंदूत रक्त उतरून माणूस जातो. तुमच्या ताटाच्या हिशेबाने पावणेपाच तास झालेत.”

“पंधराच मिनिटं जास्त आहेत मॅडम.”

हे वाक्य कोषागाराच्या खिडकीपलीकडच्या लोकांकडून त्याने स्वतः हजारदा ऐकलं होतं. त्यावर काय उत्तर मिळतं, तेही त्याला पाठ होतं.

“घरात आणखी कोण असतं?”

“आई. पण तिला मी त्या दाराजवळ फिरकू दिलेलं नाही.”

“तरी विचारा. पटकन.”

पेशंटमागे एकच नातेवाईक, म्हणून आई, सिंधूताई, बाहेर फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली बसली होती. एप्रिलचं ऊन सावलीतही भाजत होतं.

“आई, साडेआठनंतर बाबांचा आवाज ऐकला का तू?”

“काहून?”

“सांग न वं! टाइम नाही आहे.”

“दहाले चांगले होते.”

“तुले काय माहीत?”

सिंधूताईने गार्डकडे पाहिलं. मुलाकडे पाहण्यापेक्षा ते सोपं होतं.

“मी आत होती.”

“आत म्हणजे?”

“खोलीत. नऊले तुझी ते कंप्युटरवरची मिटिंग सुरू झाली का मी चहा घेऊन जात होती. तू ‘थँक यू सर’ म्हटलं का बाहेर येत होती.”

“कधीपासून?”

“पयल्या दिवसापासून.”

प्रशिकला ओरडायचं होतं. पण आजची मिटिंग दहालाच संपली होती. ‘थँक यू सर’ त्याने स्वतः म्हटलं होतं, जरा मोठ्यानेच. त्याने आईचा हात धरून तिला आत नेलं. गार्ड काहीतरी म्हणाला. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच प्रशिकने एक नियम ऐकूनच घेतला नाही.

डॉक्टर वेदिका सिंधूताईपुढे वाकल्या. “काकू, नीट आठवून सांगा. वाचवायचं म्हणून वेळ पुढेमागे केली, तर इंजेक्शनच जीव घेईल. दहाला बोलणं साफ होतं?”

“साफ. माह्याशी भांडून राहिले होते.”

“आणि उजवा हात?”

“दोन्ही हात उचलले न त्यायनं. असे.” सिंधूताईने हात जोडून दाखवले. “म्हणे, सिंधू, तुह्या पाया पडतो, उद्यापासून येऊ नको वं. तुले लागलं तं मी काय करू?”

“तुम्ही काय म्हटलं?”

“म्हटलं, उद्याचं उद्या पाहू.”

किटमधले डोळे क्षणभर तिच्यावरच राहिले. मग डॉक्टर वळल्या. “दहा वाजता ठीक. सिस्टर, इंजेक्शन सुरू करा.”

तासाभराने आतून निरोप आला. उजव्या हाताची बोटं हलली होती. एक शब्दही निघाला होता, पण तो सिस्टरला नीट कळला नाही. प्रशिक भिंतीला टेकून खालीच बसला. नऊ दिवसांत त्याने पहिल्यांदा काही न पुसता कुठे तरी बूड टेकवलं होतं.

डॉक्टर बाहेर आल्या. “काकू, नऊ दिवस तुम्ही त्या खोलीत जात होतात. तुमची टेस्ट करावी लागेल.”

“आन् निघाला तं?”

“तर तुम्हालाही भरती व्हावं लागेल. तिसऱ्या माळ्यावर.”

“आन् याच्या बाबाले कुठं ठेवता?”

“तिथेच. करोनाच्या पेशंटजवळ दुसऱ्या कोणाला सोडत नाही आम्ही.”

“घाबरू नको आई,” प्रशिक म्हणाला, “निगेटिव्हच येईन.”

“अभद्र नको बोलू बाबू,” सिंधूताई म्हणाली, आणि स्वॅब घ्यायला सिस्टर यायच्या आत मास्क हनुवटीखाली ओढून नाक वर करून बसली.