चहाआधीचा आकडा

ताईंच्या तेलातून पोलादी गोळी सेहेचाळीस सेकंदांत खाली पोचली. आता प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या मुलीच्या, नवीच्या, तेलाची पाळी.

जाड नळीत तेल भरायचं, प्रचंड दाब चढवायचा, मग आत गोळी सोडायची. ती जितकी सावकाश पडेल तितकं तेल दाबाखाली घट्ट. पातळ पडलं, तर यंत्रातल्या चाकांचे दात दातांवर घासलेच म्हणून समजा. दोघींच्या तेलांत घट्टपणा देणारं पॉलिमर वेगवेगळं. जिंकेल ते तेल कारखान्यात जाणार, करणारीच्या नावानिशी. ताईंनी त्यापायी अकरा वर्षं घातली होती. ही बया येऊन आठ महिने झाले नव्हते, आणि साहेबांना उठता-बसता तिचंच कौतुक! ताईंच्या पोटात दुखायचं. अगदी खरंखुरं, बरगडीखाली.

दाब चढला की तेल तापतं, तापलं की पातळ होतं. म्हणून तिथला जुना रिवाज होता: दाब दिला की आधी निवांत एक चहा, तोवर तेल निवतं, मगच गोळी. रिवाज ताईंनीच पाडलेला. नवीच्या तेलावर दाब चढवून झाला.

"ताई, चहा वर घेऊन येऊ?"

"कशाला? तू खालीच बसून पी. मी आहे ना इथे."

नवी जिना उतरली आणि ताईंनी गोळी सोडली. एकेचाळीस! आकडा लिहिला, नळी रिकामी करून धुऊनही टाकली.

अर्ध्या तासाने नवी वर आली, तोवर साहेबांनी ताईंच्या तेलावर सही केली होती. आकडा पाहून तिचं तोंड एवढंसं झालं. आता ही पुन्हा मोजू म्हणणार, ताईंना वाटलं. पण ती वही उघडून शेजारी बसली.

"तुम्ही मोजलंय म्हणजे प्रश्नच नाही. फक्त माझं कुठं चुकलं तेवढं सांगा ना, ताई."

न झालेली चूक सांगायची तरी कशी? पण तोंड उघडलं की शब्द सुचतात. पॉलिमरच्या साखळीला इतक्या फांद्या काढूच नयेत, ताई म्हणाल्या, दाबाखाली त्या टिकत नाहीत. बोलता बोलता त्यांचं त्यांनाच पटायला लागलं. नवी शब्द न् शब्द उतरवून घेत होती.

"म्हणजे हा नादच सोडून देऊ?"

"सोड."

नवीने आपल्या तेलाच्या पानावर काट मारायला पट्टी ठेवली. पट्टी सरकत होती. ताईंनी दुसरं टोक धरलं.