चॉकलेटचा गिलावा

"बिघडलं," गवंडी म्हणाला आणि त्याने कपाळाला हात लावला. हाताचं चॉकलेट कपाळाला लागलं.

बायकोने वळूनही पाहिलं नाही. अर्धांगाचा झटका येऊन तिचा उजवा हात लुळा पडला, त्याला पाच महिने झाले होते. पाच महिने ती अशीच खिडकीकडे तोंड करून बसत होती. त्याआधी अख्ख्या इमारतीचे वाढदिवस तिच्या ओव्हनमधून निघायचे. हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यातून दिलेला रबरी चेंडू खिडकीत धूळ खात पडला होता.

आजचा केक गवंड्यानेच परस्पर कबूल केला होता. खालच्या शिंपीणबाईंची मुलगी सहा वर्षांची होणार होती, पाच वाजता केक हवा होता. "वहिनी करतील ना?" त्यांनी जिन्यात विचारलं आणि हा बोलून गेला, "करतील की!" वर येऊन सांगितलं तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "ज्याने हो म्हटलं, त्याने करावा." घरात पुन्हा चॉकलेटचा वास सुटला तर ती उठेल, अशी त्याची वेडी आशा होती. आता केक फसला तर ती ओव्हनच विकून टाकायला सांगणार, हेही त्याला ठाऊक होतं.

केक त्याने तिच्या वहीत बघून भाजला होता. भिंतीची पातळी बघायची पाणसळ वर ठेवून पाहिली तेव्हा तो एका बाजूला अर्धं बोट कललेला निघाला. तेवढं गनाशने, वरच्या चॉकलेट-क्रीमच्या लेपाने, भरून काढू, असं त्याने ठरवलं. तीस वर्षं भिंतींना गिलावा केलेल्या माणसाला केकचं काय एवढं!

"काय बिघडलं?" खिडकीकडूनच प्रश्न आला.

"तुझं ते गनाश. वर तेल तरंगतंय, खाली रवाळ झालंय. चॉकलेटच भेसळीचं असणार."

"नाचता येईना, अंगण वाकडं."

पाच महिन्यांतला हा तिचा पहिला टोमणा. गवंड्याला इतका आनंद झाला की तो उगाच पातेलं पुसत बसला.

"क्रीम किती तापवलं होतं?"

"वहीत लिहिलंय तेवढंच. कडेला बुडबुडे आले, चॉकलेटवर ओतलं, झाकून ठेवलं, मग ढवळलं. झकास झालं होतं गं. पण जरा घट्ट वाटलं, म्हणून..."

"म्हणून काय केलंत?"

"पाणी मारलं."

खुर्ची करकरली. "थंड पाणी?"

"माल घट्ट झाला की पाणीच मारतात!"

"अहो, ते चॉकलेट आहे, सिमेंट नव्हे!"

ती उठून ओट्यापाशी आली होती. तिने पातेल्यात डोकावून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. गवंडी ओशाळला. त्याने पातेलं उचललं. "ओतून देतो. दुसरं आणतो."

"ठेवा खाली. फुटलेलं गनाश टाकायचं नसतं. चमचाभर दूध गरम करा."

"चमचाभरच?"

"चमचाभरच. आणि असं झोडपू नका त्याला. मधोमधच ढवळायचं, हळू. कडेची घाई नाही करायची. मध्ये जुळून आलं की बाकीचं येतं मागून."

तो ढवळू लागला. काहीच झालं नाही. "आणखी एक चमचा," ती म्हणाली. मग मधोमध रुपयाएवढा ठिपका चकाकला. चकाकी सरकत सरकत कडेपर्यंत गेली आणि तेल कुठे गेलं ते कळलंही नाही.

"जमलं!" तो ओरडला.

"ओरडू नका. आता निवू द्या. बोट ओढलं की वण राहिला पाहिजे, तोवर हात लावायचा नाही."

"ते मला शिकवू नकोस. भिंतीचंही तसंच असतं."

अर्ध्या तासाने त्याने फडक्यात गुंडाळलेली गिलाव्याची थापी काढली. तिने भुवया उंचावल्या, तसा तो घाईने म्हणाला, "कोरी आहे. तीनदा उकळलीय." तिला हसू आवरेना. त्याने कललेल्या बाजूला जाडसर थर दिला, थापी तिरपी धरली आणि चार हातांत केक आरशासारखा गुळगुळीत केला.

"इतकी वर्षं घरात असला कारागीर होता आणि मी एकटीच राबले," ती म्हणाली. मग मान कलती करून तिने पाहिलं. "पण ही भिंतच झाली हो. वाढदिवस आहे पोरीचा. वर एखादं वळण हवं."

तो काही बोलायच्या आत तिने चमचा उचलला. उजव्या हाताने. डाव्या हाताने ते मनगट घट्ट धरलं, चमच्याची पाठ चॉकलेटवर टेकवली आणि मधून कडेकडे फिरवायला सुरुवात केली. तिच्या कपाळावर घाम आला. वळण थरथरत गेलं, कुठे खोल, कुठे उथळ, आणि कडेला पोचता पोचता भलतीकडेच घसरलं. चमचा ओट्यावर पडला.

"वाकडं झालं," ती म्हणाली. तिचा आवाज पडला होता. "फिरवा थापी त्यावर. ओलं आहे तोवर फिरवा."

गवंड्याने थापी हातात घेतली. एका खड्ड्यापायी अख्खी भिंत खरवडून पुन्हा केलेला माणूस तो. त्या वळणाकडे तो बराच वेळ बघत राहिला. मग नळाखाली थापी धुतली, काम संपल्यावर पुसायचा तशी नीट कोरडी पुसली आणि फडक्यात गुंडाळून ठेवली.

केकवरचं चॉकलेट अजून ओलं चमकत होतं.

"आता कुठलं जमायला?" तो म्हणाला. "वाळलं ते."