मंगळाच्या पुढे

मंगळापाशी वीब्रेननं सवयीनं चाकाची खुर्ची थांबवली. खांबावर वाटाण्याएवढी लाल गोळी, शेजारी बाकडं. चित्सकेनं इथवर यायचं, बाकड्यावर बसायचं आणि पुढे त्यानं एकट्यानं जायचं, असंच दर रविवारी चालत आलं होतं.

"आज कसला थांबतोस?" चित्सके म्हणाली. "ढकल की."

उद्यापासून ती शहरातल्या शुश्रूषागृहात राहणार होती. समुद्राच्या बांधावरची ही ग्रहांची वाट वीब्रेननंच, शाळेत मास्तर असताना, खऱ्या अंतरांच्या प्रमाणात आखून घेतली होती. सूर्य चर्चपाशी आणि नेपच्यून थेट पलीकडच्या गावाच्या वेशीवर. खरी मजा मोठ्या ग्रहांत, असं तो बायकोला जन्मभर सांगत आला. पण तिचे पाय धड होते तेव्हा तिच्या सावकाश चालण्याचा त्याला वैताग यायचा. आता खुर्ची ढकलताना त्याला स्वतःचीच लाज वाटत होती.

वारा समोरून, मेंढ्या वाट देईनात. गुरूपाशी पोचेस्तोवर त्याला धाप लागली.

चित्सकेनं खांबाकडे पाहिलं. गोळा कोबीच्या लहानशा गड्ड्याएवढा.

"हा? हाच का तुझा गुरू?"

"अगं, आपली पृथ्वी काचेच्या गोटीहून लहान आहे. तशा तेराशे मावतील ह्यात."

"मावू देत. मला वाटलं, घराएवढा तरी असेल. केवढं कौतुक सांगायचास घरी येऊन!" ती हसली, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. त्यानं थर्मासमधली कॉफी ओतून कप तिच्या हातात दिला.

"शनी बघू या," तो घाईनं म्हणाला. "जेवढं आलो, जवळजवळ तेवढंच अजून. त्याला कडी आहे."

"आणि शेवटचा?"

"नेपच्यून? तासाभराची चाल. लिंबाएवढा आहे."

"एका लिंबापायी तासभर! धन्य आहे मास्तर तुमची." कॉफीचा घोट घेऊन तिनं विचारलं, "तिथं पोचून करायचास काय?"

"बसायचो थोडा वेळ."

"कोणाशी बोलायचास?"

"तिथं कोण असणार? कोणाशीच नाही."

चित्सकेनं रिकामा कप त्याच्या हातात दिला.

"मीही नाही," ती म्हणाली. "मग एकाच बाकड्यावर बसून गप्प राहिलो असतो की रे."